अक्काची खोटी ठुशी

शेवटची भेट झाली तेव्हा अक्काला उठून बसताही येत नव्हतं, आणि मी तिच्या पलंगावर माझी साडी पसरून बसले होते. आंबा रंगाची, जांभळ्या काठांची. इंदापूरला आमच्या चुलतभावाच्या नातीचं लग्न होतं, त्याला नेसायची. हे सांगितलं की लोक माझ्याकडं बघतात, जाणाऱ्या बहिणीपुढं कुणी साडी घेऊन बसतं का म्हणून. ज्यांना अक्का माहीत होती ते तसं बघणार नाहीत. गेली कितीतरी वर्षं बारामतीतली नि आसपासच्या गावांतली एखादी बाई लग्नाला निघाली की साडी तेवढी तिची असायची, बाकी गळ्यातलं, कानातलं, हातातलं, अंबाड्यातला आकडा, काखेतली पर्स, सगळं अक्काच्या हातचं. मी तर सख्खी बहीण. तिनं सुनेला, सोनालीला, हाक मारून एक डबी काढायला लावली. मोत्यांच्या बारीक कुड्या आणि गळ्याला चिकटून बसणारा मोत्यांचा पट्टा. म्हणाली, हेच घाल, तुझी मान आखूड, लोंबतं काय घालू नगं. मग माझं मनगट धरून म्हणाली की मी गेले तरी लग्नाला जायचं, सुतक सांगून घरी बसायचं न्हाय. मी रडायला लागले. ती माझं रडणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "सुमे, अजून काय बोलायचं राहिलंय का?"

मी डोळे पुसले, साडीकडं बघितलं आणि म्हटलं, "पर्स कुठली घेऊ?"

तिनं माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडं तोंड केलं. "काळी घे," म्हणाली. पाचव्या दिवशी सकाळी, चहाचं आधण ठेवलं होतं तेवढ्यात सोनालीचा फोन आला.

मालन तिचं नाव, पण आमच्या घरात ती अक्काच. तिच्याबद्दल लिहा, असं मला कुणी सांगितलेलं नाही. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, पेपरात लिहायची सवय नाही. बहिणीच्या मायेनं लिहितेय म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर राग आहे म्हणून लिहितेय. इंदापूरच्या वहिनींच्या घरी हा पेपर येतो आणि रविवारी दुपारी जेवण झालं की त्या चष्मा लावून पुरवणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. तर वाचा, वहिनी. निम्मं तुमच्यासाठी आहे. उरलेलं अक्कासाठी आहे, आणि ती आता वाचू शकत नाही याचा मला जास्त संताप येतो.

आम्ही लासुर्ण्याच्या. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून, घर दोन खोल्यांचं, आणि दोघी बहिणींत सोन्याच्या कुड्यांचा एकच जोड. लग्नाला जी जाणार तिच्या कानात कुड्या, घरी राहणारीच्या कानात कडुलिंबाच्या काड्या. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, त्यामुळं कुड्या बहुतेक वेळा तिच्याच कानात असायच्या, पण दोघींना जायचं असलं तर मांडवाच्या दारात ती एक कुडी काढून माझ्या कानात घालायची आणि दोघी एक-एक कान पदराखाली झाकून बसायचो. एवढी माया होती. आणि दुसऱ्या बाजूनं सांगायचं तर अक्का काही विसरायची नाही. एकदा माझ्या हातून तिची यात्रेतली काचेची बांगडी फुटली, मी तुकडे चुलीमागं ढकलले आणि मांजरावर घातलं. ती काही बोलली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग गावच्या यात्रेला, घालायच्या दिवशी सकाळी, माझी नवी रेशमी फीत शेणाच्या पाटीत सापडली. मी रडत अक्काकडं गेले तर ती केस विंचरत होती. "बांगडी," एवढं म्हणाली आणि पुन्हा विंचरायला लागली. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

आता इंदापूरची गोष्ट. पंचवीस वर्षं झाली त्याला. वहिनींच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. वहिनी म्हणजे आमच्या चुलतभावाची बायको, उसाचं मोठं रान, दारात दोन ट्रॅक्टर, आणि भावकीत कुणाच्या गळ्यात काय आहे याची त्यांना खडान्खडा माहिती. माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. कन्हेरीच्या माझ्या सासूबाईंनी घरचं सोनं अंगावर घालून पाठवलं होतं, बोरमाळ, पाटल्या, तोडे, त्यामुळं माझे पाय जमिनीला लागत नव्हते. अक्काचं तसं नव्हतं. दाजी पाटबंधारे खात्यात कारकून, आणि तिच्या अंगावरचे सोन्याचे दोन डाग तिच्या नणंदेच्या लग्नात गेले होते. म्हणून तिनं बाजारातनं एक खोटी ठुशी घेतली आणि हिरव्या काठापदराच्या साडीवर ती अशी घातली की मांडवात शिरताना दोन बायकांनी वळून बघितलं. वहिनींना तेच सोसलं नसावं.

पंगत बसायच्या आधी बायका हळदीकुंकवाला बसल्या होत्या. वहिनी कुंकू लावत लावत अक्कापाशी आल्या, तिच्या कपाळाला लावलं, आणि मग त्याच कुंकवाच्या बोटानं तिच्या गळ्यातली ठुशी उचलून उलटी केली. मागचं तांबं दिसलं.

"खोटी हाय व्हय गं मालन? मला वाटलंच. उन्हात लई बसू नगं, काळी पडंल."

बायका हसल्या. आणि मी हसले… मला हसू आलं होतं म्हणून नाही. मी वहिनींच्या शेजारी उभी होते, गळ्यात खरी बोरमाळ होती, आणि आपणही हसणाऱ्यांतच मोडावं असं वाटलं, एवढंच. अक्कानं त्या बायकांकडं बघितलं नाही, वहिनींकडंही बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग पदर सारखा केला, पंगतीत बसली, पोटभर जेवली, वाढणारीला थांबवून जिलेबी मागून घेतली. परतीच्या गाडीत माझ्यासाठी खिडकीची जागा सोडली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. माफी मागावी असं मला त्या रात्रीच वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी जरा कमी वाटलं, आणि महिन्याभरानं वाटलं की ती विसरली असेल, आता कशाला उकरून काढा.

विसरतेय कसली. सहा महिन्यांत तिनं मंडईमागच्या बोळात एक गाळा घेतला आणि खोट्या दागिन्यांचं दुकान टाकलं. पेंटर म्हणाला, बाई, पाटीवर 'इमिटेशन' लिहू का, जरा बरं दिसेल. ही म्हणाली, खोटे लिही आणि मोठं लिही. 'येथे फक्त खोटे दागिने मिळतील.' लोक पाटी वाचायला म्हणून थांबायचे आणि आत यायचे. त्यानंतर मंगळसूत्राच्या वाट्या सोडल्या तर तिनं खरं सोनं अंगाला लावलं नाही. मुलगा कमावता झाला, हौसेनं पाटल्या घेऊन आला, त्या तिनं तिथंच सोनालीच्या हातात घातल्या. कुठल्याही लग्नात कुणी विचारायच्या आधीच ती सांगायची, सगळं खोटं हाय बरं का, माझ्याच दुकानातलं. मालनबाईच्या अंगावर जे आहे ते खोटं, हे बारामती आणि इंदापूर दोन्हीकडं पक्कं ठाऊक झालं. हे तिनं मुद्दाम केलं होतं, पण ते कळायला मला अकरा वर्षं लागली.

तिची काम करायची तऱ्हा वेगळी होती. बाई पिशवीतनं साडी काढायला लागली की अक्का तिचा हात धरायची. साडी मागनं. आधी सांग, कुणाला दाखवायचंय? बाई लाजायची, म्हणायची, कुणाला न्हाय, असंच. मग अक्का म्हणायची, असंच जायचं असंल तर असंच जा की, हितं कशाला आलीस. चहा यायचा, आणि चहाबरोबर खरं बाहेर यायचं. जावेला दाखवायचंय. नणंदेला दाखवायचंय. पुढचे प्रश्न मग भराभर, शेजारी कोण बसणार, वाढायला उठणार की नुसती बसणार, नवऱ्याकडची का नवरीकडची. वाढणारीला बांगड्या कमी आणि अंबाडा देखणा, कारण वाकल्यावर लोकांना पाठच दिसते. जाऊ उजव्या हाताला बसणार असेल तर उजव्या कानावरचे केस मागं. पर्स मांडीवर ठेवायची, पदराखाली लपवायची नाही, लपवलेली वस्तू स्वस्तातली वाटते. सगळं घालून झालं की आरशापुढं उभी करायची आणि म्हणायची, आता यातलं एक काढ. कुठलं काढायचं ते तीच सांगायची. तेवढं काढलं की ती बाई आरशापुढनं हलायची नाही.

लोणी भापकरची एक मुलगी आठवते, नुकतीच तलाठी म्हणून लागलेली. काळी म्हणून एका घरानं तिला ठरलेलं लग्न मोडून घरी बसवलं होतं, आणि त्याच मुलाच्या लग्नाचं आमंत्रण नात्यातलं म्हणून घरी आलं होतं. आई म्हणत होती, भरपूर घाल, लोकांचे डोळे दिपले पाहिजेत. अक्कानं तिच्या अंगावरचं सगळं उतरवलं. नाकात एक मोरणी ठेवली आणि हातात काळ्या पट्ट्याचं घड्याळ बांधलं. म्हणाली, मंगलाष्टका चालू झाल्या की दोनदा घड्याळात बघायचं, अक्षता टाकायच्या आणि कचेरीत काम हाय म्हणून जेवायच्या आत निघायचं. नवऱ्यामुलाची आई म्हणे त्या पोरीला जेवायला थांबवायला गाडीपर्यंत धावली. ही बातमी दुकानात आली तेव्हा अक्कानं आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. दुसऱ्याचा सूडसुद्धा ती असा आपल्या घरचं कार्य असल्यासारखा साजरा करायची.

आणि मग अकराव्या वर्षी एका दुपारी, बाजार झोपलेला असताना, इंदापूरच्या वहिनी तिच्या दुकानात आल्या. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तोवर त्यांच्या घरात वाटण्या होऊन दोन्ही सुनांनी घरातलं सोनं विभागून नेलं होतं. लेकीला घालून झाल्यावर वहिनींच्या स्वतःच्या गळ्यात मंगळसूत्राशिवाय काही उरत नव्हतं, आणि सुनांपुढं हात पसरणं त्यांना जन्मात जमलं नसतं. मी योगायोगानं तिथंच होते. अक्कानं त्यांना पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, वहिनी, कुणाला दाखवायचंय? वहिनी म्हणाल्या, पाहुण्यांना, दुसरं कुणाला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की मालन, हे कुणाला कळता कामा नये. अक्का म्हणाली, माझ्या तोंडातनं शब्द जायचा न्हाय. आणि अशी निवड केली, अशी निवड केली की मला तिचा रागच आला. डाळिंबी शालूवर ठुशी, मोहनमाळ, चार पाटल्या, कानाला वेल, टपोऱ्या मोत्यांची नथ. वहिनींनी आरशात बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं, माफ केलं हिनं. बाईमाणूस म्हातारं व्हायला लागलं की मऊ होतं.

लग्नाच्या दिवशी वहिनी मांडवाच्या दारात अत्तर लावत उभ्या होत्या, आणि पाहुण्या बायका त्यांच्या गळ्याकडं बघून पुढं जात होत्या. मग अक्का आली. डाळिंबी शालू. ठुशी, मोहनमाळ, चार पाटल्या, वेल, नथ. मणी न मणी तोच, नथीतला लाल खडासुद्धा त्याच जागी. त्या साच्यातले दोन-दोन जोड तिनं मागवून ठेवले होते आणि एक जोड ती कुणालाच देत नव्हती, हे मला आत्ता कळतंय. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि दारातली कुजबुज हळूहळू थांबली. मालनबाईच्या अंगावरचं खोटं असतं, हे तिथं प्रत्येकीला ठाऊक होतं. उरलेलं ज्याचं त्यानं ताडलं. दोन्ही सुना मागंच होत्या, त्यातली धाकटी तोंडाला पदर लावून आत पळाली. अक्का एक शब्द बोलली नाही, दिलेला शब्द तिनं पाळला. फक्त अत्तराला हात पुढं करताना दुसऱ्या हाताचं एक बोट स्वतःच्या ठुशीखाली घातलं, ती उलटी केली, आणि तशीच राहू दिली. वहिनींचा हात आपसूक गळ्याकडं गेला.

माझ्या जिभेवर अजून त्या क्षणाची चव आहे. परतताना जीपमध्ये मी तिला म्हटलं, झालं का गं एकदाचं समाधान? ती बाहेर उसाकडं बघत होती. म्हणाली, "एकीचं झालं." मी विचारलं, आणि दुसरी कोण? ती म्हणाली, "हाय एक." मला वाटलं असेल कुणी जाऊ-नणंद, आणि मी हसले. तेव्हाही मी हसलेच.

आता माझ्याबद्दल. एवढी नावाजलेली माझी बहीण, आणि तिनं निवडलेलं घालून मी कुठल्याच लग्नात बरी दिसले नाही. साडी चांगली, दागिना चांगला, पण दोन्ही एकत्र आले की काहीतरी बिनसायचं. भिगवणच्या लग्नातला फोटो बघून आमच्या ह्यांनी विचारलं होतं, तू आजारी होतीस का तेव्हा? नणंद म्हणायची, वहिनी, बहीण एवढी मोठी कारागीर आणि तुम्ही अशा कशा. मी म्हणायची, माझा बांधाच तसा, माझी मान आखूड. हे मला अक्कानंच सांगितलं होतं. वर्षानुवर्षं मी मान आखूड असलेली बाई म्हणून जगले, लांब कानातल्यांकडं दुकानात डोळा वर करून बघितलं नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती. सगळ्या बायकांना विचारायची तो प्रश्न, कुणाला दाखवायचंय, तिनं मला कधी विचारला नाही. मला वाटायचं, घरचीच म्हणून विचारत नाही.

दहाव्याला वहिनी आल्या. गुडघे गेलेत, नातवानं हाताला धरून आणलं. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, लई गुणी, कुणाचं वाईट म्हणून चिंतलं न्हाय बघा तिनं. मी तिथंच उठून उभी राहणार होते. अहो, पंचवीस वर्षं तिनं दुसरं केलं काय? एवढा जपून, निगुतीनं केलेला सूड, आणि त्याच्यावर असं पाणी ओतायचं? गेल्यावर माणसाला चांगलं म्हणतात तेही मला कधीकधी सूडच वाटतो, कारण त्याला उत्तर देता येत नाही. मी गप्प बसले, लोक होते म्हणून.

तेरावं झाल्यावर सोनालीनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि फरसाणाचा एक जुना पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला. सासूला ती आत्याच म्हणायची. म्हणाली, मावशी, आत्यांनी सांगितलं हुतं, तेरावं झाल्याबिगर द्यायचा न्हाय. आत कागदाच्या लहान लहान पुड्या, दोऱ्यानं बांधलेल्या, आणि प्रत्येक पुडीवर अक्काचं वाकडं अक्षर. सुमी, निळी इरकल, भिगवण. सुमी, काळी चंद्रकळा, माळेगावचं लग्न. सुमी, अंजिरी पैठणी, तिच्या नणंदेची पोरगी. मी एक सोडली. लाल खड्यांचे लांब झुबे निघाले. भिगवणला तिनं मला पांढऱ्या मोत्यांचे ठिपके घालून पाठवलं होतं. दुसरी सोडली, तिसरी सोडली. सोनालीनं मला खांद्याला धरून आरशापुढं उभं केलं, ते झुबे माझ्या कानाला धरले आणि अगदी सहज म्हणाली, कोण म्हणलं तुम्हाला तुमची मान आखूड हाय? मी बघत राहिले. सरळ, बरी लांब मान होती माझी. पन्नाशीत कळलं.

सोनालीनं मग सांगितलं. मी दुकानातनं निघाले की अक्का शटर अर्धं ओढायची आणि नव्यानं माझ्यासाठी निवड करायला बसायची. कधी कधी तास जायचा. पसंत पडेल ते मिळालं नाही तर पुण्याहून मागवायची. मग पुडी बांधायची आणि डब्यात टाकायची. सोनालीनं एकदा विचारलं, आत्या, एवढं चांगलं निवडता, मग देत का न्हाय? तर म्हणाली, ती मागंल तवा देईन. काय मागंल? तिला म्हाईत हाय.

म्हणजे मी एक वाक्य बोलायचं होतं. हसले, चुकले, एवढं. त्यासाठी ती पंचवीस वर्षं थांबली, आणि थांबताना प्रत्येक लग्नात मला रीतसर विद्रूप करून पाठवत राहिली. फोन आला तेव्हा मी धाय मोकलून रडले होते. डबा बघितल्यावर मी तिला शिव्या दिल्या, मोठ्यानं, तिच्याच खोलीत. दाजी दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

डब्याच्या तळाशी शेवटची पुडी होती, तिच्यावरचं अक्षर सोनालीचं. सुमी, आंबा रंगाची साडी, वहिनींचं घर. त्या दिवशी मी साडी घडी करून निघाल्यावर अक्कानं तिला सांगून लिहून घेतलं, हात थरथरत होता म्हणून. सोनाली म्हणाली, मी तवा रडून म्हणलं, आत्या, आता तरी द्या, रस्त्यातनं बोलावते मावशींना. तर म्हणाल्या, मी इचारलं की तिला. पर्सचं इचारली ती.

पुडीत ती ठुशी होती. तीच, पंचवीस वर्षांपूर्वीची. मुलामा पार उडालेला, मणी काळे ठिक्कर, आणि एका बाजूच्या दोन मण्यांच्या खाचेत वाळून घट्ट बसलेलं कुंकू. सोबत लांब साधे झुबे, आणि पुडीवर शेवटी लिहिलेलं, काळी पर्स. म्हणजे पर्सचं तेवढं तिनं खरं सांगितलं होतं.

मी लग्नाला गेले. आंबा रंगाची साडी, झुबे, काळी पर्स मांडीवर ठेवायची म्हणून हातात, आणि गळ्यात ती काळी ठुशी. कन्हेरीच्या घरातली सगळी तोंडं वासून बघत होती, सासूबाई असत्या तर त्यांनी उंबऱ्यातच अडवली असती. मांडवात वहिनी खुर्चीत बसून आल्या-गेलेल्या बायकांना कुंकू लावत होत्या. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझ्या कपाळाला लावलं, आणि नजर गळ्यावर गेली. सवयीनं बोट पुढं आलं. मी त्यांचं बोट धरलं आणि ठुशी मीच उलटी केली.

"खोटी हाय, वहिनी. अक्काची हाय. हे कुंकू तुमच्या बोटाचं." मग जे पंचवीस वर्षं राहिलं होतं ते बोलले. "तवा मी बी हसले होते. माझं चुकलं."

वहिनींनी बोट सोडवून घेतलं, कुंकवाच्या करंड्याला पुसलं आणि माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाल्या, "मला काय सांगतीस, सुमन? तिला सांगायचं हुतंस."

वहिनी, तुमचं बरोबर होतं. ते बरोबर होतं यासाठी मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही, हे इथं लिहून ठेवते. आणि अक्का, तुलाही नाही. एक कुडी काढून माझ्या कानात घालणारी तू, तुला एवढं कळू नये की मला विचारताना समोर साडी नको होती…

त्या दिवशी ऊन फार होतं. घरी येऊन ठुशी काढली तर गळ्याभोवती काळी रेघ उमटली होती. मुलगी म्हणाली, लिंबू चोळ, जाईल. मी म्हटलं, राहू दे. आठ दिवसांनी ती आपली आपणच फिकी व्हायला लागली. आता ती फिकी झाली की मी शाळेतनं येते, ठुशी घालते आणि दुपारभर अंगणात उन्हात बसते.